संगणकाची जुळणी

मोबाइलवर खेळ खेळणारी मुले आपल्या वर्गात पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींना कधी ना कधी वाटते की, आपला स्वतःचा संगणक असावा आणि त्यावर मोठे खेळ खेळावेत. असा संगणक दोन प्रकारे मिळतो. एक तर तो तयार विकत घ्यायचा, नाहीतर सुटे भाग आणून घरी जोडायचा. घरी जोडला, तर कोणत्या भागावर किती पैसे घालायचे हे आपल्या हातात राहते. जोडण्याचे कामही वाटते तितके अवघड नाही. एक स्क्रू ड्रायव्हर, चांगला उजेड आणि एक मोकळी दुपार एवढे पुरते. अवघड आहे ते त्याच्या आधीचे काम, म्हणजे एकमेकांशी जुळणारे भाग निवडणे. हे मी माझ्या भाच्याच्या संगणकावरून शिकलो, आणि पैसे घालवून शिकलो.

ही २०२३ सालची गोष्ट आहे. भाचा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. माझी थोरली बहीण घरी शिवणकाम करते. तिने दोन वर्षे थोडे थोडे बाजूला ठेवलेले पैसे, भाच्याची ईदी आणि त्याने सुट्टीत मोबाइलच्या दुकानात काम करून मिळवलेले पैसे, असे सारे मिळून पंचावन्न हजार रुपये जमले होते. एके दिवशी भाचा सुट्या भागांची यादी घेऊन माझ्याकडे आला.

"मामू, एकदा बघता का?" तो म्हणाला.

मी पाहिली. खरे सांगायचे तर मी फक्त बेरीज तपासली. बेरीज अगदी बरोबर होती. "ठीक आहे, बेटा," असे म्हणून मी यादी परत दिली.

त्या यादीच्या पहिल्या दोन ओळी अशा होत्या. प्रोसेसर : इंटेल कोअर आय५ १२४००एफ. मदरबोर्ड : एच५१०. या दोन ओळींत एका अंकाची चूक होती. बेरीज कितीही तपासली तरी ती सापडणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही भिवंडीहून निघालो. कल्याणला लोकल पकडली, दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरलो. स्टेशनजवळच लॅमिंग्टन रोड आहे. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण बाजारात सगळे जुन्याच नावाने ओळखतात. दुतर्फा इलेक्ट्रॉनिक वस्तूंची आणि संगणकाच्या भागांची दुकाने, जिन्याखाली दुकाने, पहिल्या मजल्यावर दुकाने. चार ठिकाणी भाव विचारून आम्ही एका दुकानातून यादीप्रमाणे सगळे भाग घेतले, पक्के बिल घेतले आणि संध्याकाळी घरी आलो.

रात्री जेवण झाल्यावर भाच्याने खोकी उघडली. मदरबोर्डवर मधोमध एक चौकोनी खोबण असते. तिला सॉकेट म्हणतात. प्रोसेसर तिच्यात बसवायचा असतो. त्याने प्रोसेसर हातात घेतला आणि तो गप्प झाला. सॉकेट चौरस होते आणि प्रोसेसर आयताकृती. प्रोसेसरची एक बाजू सुमारे साडेसात मिलिमीटर जास्त लांब होती. सुदैवाने त्याने तो दाबून बसवण्याचा प्रयत्न केला नाही. त्या सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक पिना असतात. एक वाकली तरी बोर्ड निकामी होऊ शकतो.

आम्ही पुन्हा दुकानात गेलो. दुकानदार सभ्य माणूस होता. त्याने बिल दाखवले. "तुम्ही एच५१० मागितला, मी एच५१० दिला. सील तोडलेला माल परत घेत नाही, हे बिलावर छापले आहे." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याने दोन्ही वस्तू जोडीने विकताना एक शब्द विचारला असता तर बरे झाले असते, हेही खरे. पण यादी आमची होती. भाच्याने ती मित्राच्या संगणकावरून उतरवली होती, आणि प्रोसेसर तेवढा आपल्या मनाने नवा लिहिला होता. आईला हे कसे सांगायचे, याच चिंतेत तो परतीच्या प्रवासात खिडकीबाहेर पाहत बसला होता. शेवटी मीच बहिणीला सांगितले. चूक निम्मी माझी होती. नव्या बोर्डाचे पैसे मी पुढच्या महिन्याच्या पगारातून दिले. तोपर्यंत सगळे भाग पलंगाखाली खोक्यांतच पडून राहिले.

आता ती चूक नीट समजून घेऊ. १२४००एफ या नावातले पहिले दोन अंक, म्हणजे १२, प्रोसेसरची पिढी सांगतात. तो बाराव्या पिढीचा आहे. इंटेल कंपनीने २०२१ साली बाराव्या पिढीसाठी एलजीए १७०० नावाचे सॉकेट आणले. १७०० हा त्यातील पिनांचा आकडा आहे. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसरही त्यातच बसतात. एच५१० हा बोर्ड मात्र एलजीए १२०० सॉकेटचा आहे. तो दहाव्या आणि अकराव्या पिढीसाठी आहे. आम्हाला हवा होता एच६१०. पाचाच्या जागी सहा हवे होते, एवढेच.

एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझन प्रोसेसरांचेही असेच आहे. त्यांचे एएम४ नावाचे सॉकेट २०१६ पासूनचे, आणि एएम५ हे २०२२ चे. एएम४ पुष्कळ वर्षे टिकले, म्हणून त्यात रायझनच्या अनेक पिढ्या बसतात. पण एएम४चा प्रोसेसर एएम५ बोर्डात बसत नाही, आणि एएम५चा एएम४मध्ये बसत नाही. इंटेलचा प्रोसेसर एएमडीच्या बोर्डात बसण्याचा तर प्रश्नच नाही.

सॉकेट जुळले म्हणजे काम झाले, असेही समजू नका. इंटेलच्या सहाव्या पिढीचे सॉकेट एलजीए ११५१ आणि आठव्या पिढीचेही एलजीए ११५१. प्रोसेसर दोन्हींकडे सहज बसतो. तरीही आठव्या पिढीचा प्रोसेसर सहाव्या पिढीच्या बोर्डावर चालत नाही. दार तेच, पण आत ओळख पटत नाही. कधी कधी ही ओळख पटवून देता येते. बोर्डमध्ये बायॉस नावाची एक छोटी प्रणाली असते. संगणक सुरू होताना ती सर्वांत आधी जागी होते आणि कोणते भाग जोडले आहेत ते पाहते. जुन्या बायॉसला नव्या पिढीचा प्रोसेसर माहीत नसतो. उदाहरणार्थ, बी४५० या एएम४ बोर्डावर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर लावायचा असेल, तर बायॉस नवा हवा. म्हणून दुकानातच विचारावे, "यातला बायॉस या प्रोसेसरसाठी चालेल का? नसेल तर तुम्ही बदलून द्याल का?" प्रत्येक बोर्ड बनवणारी कंपनी, त्या बोर्डावर कोणते प्रोसेसर कोणत्या बायॉसने चालतात, याची यादी आपल्या संकेतस्थळावर देते. पैसे देण्यापूर्वी ती यादी उघडून आपल्या प्रोसेसरचे नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. या कामाला पाच मिनिटे लागतात. आम्ही ती पाच मिनिटे वाचवली होती.

नावाच्या शेवटी असलेल्या अक्षराकडेही लक्ष द्या. इंटेलच्या प्रोसेसरमागे 'एफ' असेल, तर त्याला पडद्यावर चित्र दाखवण्याची स्वतःची सोय नसते. त्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते. रायझन ५ ५६०० याचेही तसेच. पण रायझन ५ ५६००जी मध्ये चित्राची सोय आहे. ज्याच्याकडे आज कार्डापुरते पैसे नाहीत आणि जो सहा महिन्यांनी कार्ड घेणार आहे, त्याने 'एफ' घेतला, तर सहा महिने काळा पडदा पाहत बसावे लागेल.

मग निवड सुरू कुठून करावी? बहुतेक मुले प्रोसेसरपासून सुरुवात करतात. मला वाटते, सुरुवात खेळापासून आणि पडद्यापासून करावी. आपण कोणता खेळ खेळणार, तो बनवणाऱ्या कंपनीने कोणते कार्ड सुचवले आहे, आणि आपला पडदा किती बिंदूंचा आहे, हे आधी ठरवावे. भाच्याकडे जुना फुल एचडी पडदा होता, म्हणजे रुंदीत १९२० आणि उंचीत १०८० बिंदू. त्याला एएमडीचे आरएक्स ६६०० हे मध्यम कार्ड पुरेसे होते. याच्या दुप्पट किमतीचे कार्ड घेऊन त्या पडद्यावर त्याला फारसा फायदा झाला नसता. खेळात चित्रे रंगवण्याचे काम कार्ड करते, म्हणून पैशाचा सर्वांत मोठा वाटा कार्डाला द्यावा. पण फार महाग कार्ड आणि फार हलका प्रोसेसर अशी जोडी करू नये. कार्ड रिकामे बसून प्रोसेसरची वाट पाहते.

रॅमची गोष्ट थोडक्यात सांगतो, पण हिच्यातही एक फसगत आहे. रॅम म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मरणशक्ती. तिच्या पट्ट्या बोर्डवरच्या लांब खाचांत बसतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्क असतात, दिसायलाही त्या सारख्याच. पण मधली खाच थोड्या वेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बाराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरला दोन्ही चालतात, पण आपला बोर्ड साधारणपणे एकच प्रकार घेतो. एच६१० बोर्डही दोन्ही प्रकारांत मिळतो. म्हणून नुसते "एच६१० द्या" म्हणून भागत नाही. कोणत्या रॅमचा, तेही सांगावे लागते. १६ जीबी हवी असेल तर एका पट्टीपेक्षा ८-८ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात. दोन वाटांनी माहिती ये-जा करते आणि खेळ अधिक सुरळीत चालतो.

आता विजेकडे वळू. येथे मात्र घाई करून चालणार नाही, कारण बाकीचे भाग जुळले नाहीत तर संगणक सुरू होत नाही, पण वीजपुरवठा चुकला तर सगळेच भाग जळू शकतात. घरातील २३० व्होल्टची वीज घेऊन संगणकाला लागणारी कमी व्होल्टची वीज देणाऱ्या पेटीला पॉवर सप्लाय म्हणतात. बाजारात तिचे नाव एसएमपीएस. किती वॅटचा एसएमपीएस लागेल, हे काढायला साधा हिशेब पुरतो. (उर्दूतला 'हिसाब' आणि मराठीतला 'हिशेब' हा एकच शब्द आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच.)

भाच्याच्या संगणकाचा हिशेब असा. १२४००एफ प्रोसेसर जोरात चालताना जास्तीत जास्त ११७ वॅट घेतो. आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅट घेते. दोन्ही मिळून २४९ वॅट झाले. बोर्ड, रॅम, पंखे आणि डिस्क यांना पन्नास वॅट धरू. एकूण सुमारे ३०० वॅट. कार्ड क्षणभर याहून जास्त वीज ओढते आणि पेटी सतत पूर्ण भाराने चालवणे चांगले नाही, म्हणून ५०० ते ५५० वॅटचा एसएमपीएस योग्य ठरतो. सगळी कार्डे इतकी कमी वीज खात नाहीत. २०२२ साली आलेले एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे एकटे कार्ड ४५० वॅट घेते.

पण खोक्यावर ५०० लिहिले म्हणून ते ५०० असतेच असे नाही. पेटीच्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा. प्रोसेसर आणि कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. तुम्ही विज्ञानात शिकला आहात की, व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट. समजा, तेथे १५ अँपिअर लिहिले आहे. १२ गुणिले १५ म्हणजे १८० वॅट. मग खोक्यावर ४५० छापलेले असले, तरी आपल्या कामाचे १८० च. चांगल्या पेटीवर ४२ अँपिअर लिहिलेले असेल, तर ते ५०४ वॅट झाले. '८० प्लस' हा शिक्का पेटी किती कमी वीज वाया घालवते ते सांगतो. तो असलेला बरा, पण पेटी सर्व प्रकारे मजबूत आहे याची ती हमी नव्हे.

तारांची जुळणीही पाहावी लागते. बोर्डवरील खाचेतून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. बाकीची एसएमपीएसमधून येणाऱ्या जोडतारेने द्यावी लागते. सहा पिनांची तार ७५ वॅटसाठी आणि आठ पिनांची १५० वॅटसाठी असते. आरएक्स ६६०० ला आठ पिनांची एक तार लागते. ती तार आपल्या एसएमपीएसला आहे का, हे आधी बघावे. प्रोसेसरलाही आठ पिनांची तार असते, पण ती वेगळी. पहिली सहा अधिक दोन अशी सुटते, दुसरी चार अधिक चार अशी. काही पेट्यांच्या तारा काढता येतात. एका कंपनीच्या पेटीची तार दुसऱ्या कंपनीच्या पेटीला कधीही लावू नका. ती बसते, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि क्षणात डिस्क किंवा बोर्ड जळतो.

आपल्याकडे वीज जाते, म्हणून भाच्याने यूपीएसही घेतला. त्यावर ६०० व्हीए लिहिले होते. त्याला वाटले, ६०० वॅट. बारीक अक्षरांत ३६० वॅट लिहिले होते. सुदैवाने आपला हिशेब ३०० चा होता. पडदा धरूनही कसेबसे भागले.

सगळे भाग ज्या पेटाऱ्यात बसवायचे, त्याला आपल्याकडे कॅबिनेट म्हणतात. येथे पट्टीने मोजून काम होते. मोठा, म्हणजे एटीएक्स बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब आणि २४४ मिलिमीटर रुंद असतो. मायक्रो एटीएक्स २४४ गुणिले २४४. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, लहानात मोठा बसत नाही. कॅबिनेटच्या माहितीत दोन आकडे हमखास दिलेले असतात : कार्डाची लांबी जास्तीत जास्त किती चालेल आणि प्रोसेसरवरचा पंखा किती उंच चालेल. तुमच्या दप्तरातली तीस सेंटिमीटरची पट्टी येथे उपयोगी पडते. काही कार्डे त्या पट्टीपेक्षाही लांब असतात. पुढून काचेने पूर्ण बंद केलेले कॅबिनेट दिसायला सुंदर, पण हवेला वाट नसते. मे महिन्यात त्याची परीक्षा होते. मी जाळीचे कॅबिनेट घ्यायला सांगेन, मग रंगीत दिवे कमी असले तरी चालतील.

डिस्कसाठी हल्ली एम.२ नावाची लहान पट्टी घेतात. तिच्यावर २२८० लिहिलेले असते; म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. या पट्ट्या साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जातींच्या असतात. बोर्डच्या पुस्तिकेत कोणती चालते ते लिहिलेले असते.

नवा एच६१० बोर्ड जून महिन्यात आला. या वेळी यादी घेऊन मी आणि भाचा दोघे बसलो. तो एकेक भाग वाचत होता आणि मी पुस्तिकेत बोट ठेवून शोधत होतो. प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवला, तो स्वतःच्या वजनाने बसला. कॅबिनेटमध्ये बोर्डखाली पितळी टेकू लावतात. ते बोर्डच्या छिद्रांखालीच आहेत ना, हे त्याने दोनदा पाहिले. सगळे जोडून बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले, पण पडदा काळाच. भाच्याचा चेहरा उतरला. बहीण दारात उभी होती. तिने काही विचारले नाही, पण तीही आत आली.

मी मागे जाऊन पाहिले. त्याने पडद्याची तार बोर्डच्या जागी लावली होती. आमचा प्रोसेसर 'एफ' होता. त्याच्यामागून चित्र कोठून येणार? तार काढून खालच्या ग्राफिक्स कार्डाला लावली आणि पडदा उजळला.

तो पहिला एच५१० बोर्ड आता आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. दरवर्षी नववीच्या वर्गात मी तो घेऊन जातो. मुले रॅमच्या खाचा आणि तारांच्या जागा हात लावून पाहतात. सॉकेटवरचे काळे झाकण मात्र मीच काढतो आणि भिंग देतो. पिना एकेक करून मोजायला अजून कोणाला जमले नाही, पण एका ओळीतील पिना मोजून गुणाकार करण्याचा प्रयत्न मुले दरवर्षी करतात.